घरबसल्या सर्व्हे भरताना: माझ्या वहीतला हिशोब

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, भर दुपारी मोबाइलवर एक सर्व्हे आला. विषय होता टॉवेल. मला हसूच आलं. बाहेर बेचाळीस डिग्री, पंखा गरम वारा फेकतोय, नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्याच कारखान्यात, आणि माझ्या शिलाई मशीनशेजारी कडा दुमडून शिवायला आलेल्या टॉवेलांचे गठ्ठे. सोलापुरात बसून टॉवेलबद्दल मला नाही विचारणार तर कुणाला? पदराला घाम पुसला आणि सर्व्हे उघडला.

पहिलाच प्रश्न होता, तुमच्या घरातलं कुणी पुढच्यापैकी एखाद्या क्षेत्रात काम करतं का? जाहिरात, बाजार संशोधन, वर्तमानपत्र किंवा टीव्ही, कापड उत्पादन. मी खरं ते टिक केलं. पुढच्या क्षणी स्क्रीनवर आलं, "धन्यवाद, तुम्ही या सर्व्हेसाठी पात्र नाही."

टॉवेल ओळखणारी बाई टॉवेलच्या सर्व्हेतून बाहेर! पण त्यांचंही बरोबर होतं. त्यांना टॉवेल विणणारे नको होते, अंग पुसणारे हवे होते. या धंद्याची पहिली गोष्ट मला तिथे कळली, तुम्हीही सुरुवातीलाच समजून घ्या. इथे तुमच्या ज्ञानाला पैसे मिळत नाहीत. तुम्ही कोण आहात, किती वर्षांच्या, घरात कोणता साबण, गेल्या महिन्यात चहाचा पुडा बदलला की नाही, याला पैसे मिळतात. तेही थोडे.

किती थोडे ते आधी सांगते, म्हणजे ज्यांना उठायचंय त्यांनी आत्ताच उठावं. मी तीन वर्षांपासून सर्व्हे भरते आणि शंभर पानी वहीत तारीख, मिनिटं आणि रुपये लिहून ठेवते. बी.कॉम. झालेय, उपयोग इथे झाला. पहिल्या महिन्याचा हिशोब असा: अकरा तास वीस मिनिटं, मिळाले ४३० रुपये. म्हणजे ताशी ३८. आता थोडी अक्कल आल्यावर आठ-नऊ तासांत पाचशे ते सातशे पडतात. आजवरचा सगळ्यात मोठा महिना १,४५० रुपयांचा, त्यातही निम्म्याहून जास्त पैसे एका व्हिडिओ मुलाखतीचे होते. घरभाडं यातून निघत नाही. गॅसची टाकी कधी निघते, कधी नाही. भिशीतल्या एकीने मला विचारलं, "महिना तीस हजार मिळतात म्हणे?" तीस हजाराची जाहिरात ज्याने केली त्याला मिळत असतील. भरणाऱ्याला नाही.

तरी मी का भरते? शिलाईला बसले की पाठ जाते आणि वीज लागते. सर्व्हे भाकऱ्या झाल्यावर, डाळ शिजेपर्यंत, पाण्याची वाट बघतानाही होतो. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं आणि वेळ कधी पाळत नाही. त्या ताटकळण्याचे काही रुपये होत असतील तर होऊ देत.

हा धंदा चालतो कसा

साबणाची कंपनी असते. तिला कळायचं असतं की पस्तीस ते पंचेचाळीस वयाच्या बायका नवीन वासाचा साबण घेतील का. ती संशोधन संस्थेला काम देते. त्या संस्थेला माणसं लागतात, ती पुरवणाऱ्याला पॅनल म्हणतात. आपण नाव नोंदवतो ते पॅनलमध्ये. युगव्ह, टोलुना, स्वॅगबक्स ही जुनी नावं आहेत. गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स वेगळं आहे, त्याचं पुढे सांगते.

प्रत्येक सर्व्हेत कोटा असतो. समजा महाराष्ट्रातल्या शहरांतून अशा दोनशे बायका हव्यात. दोनशे भरल्या की दोनशे एकाव्या बाईला "कोटा फुल". तुम्ही त्यात बसतच नसाल तर "स्क्रीन आउट". दोन्हींत तुमची चूक नसते. दहा सर्व्हे उघडले तर माझे तीन-चार पूर्ण होतात, बाकी ठिकाणी दारातूनच परत. काही पॅनल परत पाठवताना हातावर दोन-चार पॉइंट ठेवतात, लग्नात आहेर न देणाऱ्यालाही पेढा देतात तसे.

शहराच्या यादीत कधी सोलापूर सापडतं, कधी नाही. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, मग एकदम "इतर". २०११ च्या जनगणनेत आपलं शहर ९ लाख ५१ हजारांवर होतं, दहा लाखांच्या आतच. शहरं लोकसंख्येने लावतात तेव्हा आपण मोठ्यांच्या रांगेबाहेर राहतो. नणंद पुण्यात हडपसरला असते, तिला माझ्या दीडपट सर्व्हे येतात. म्हणून पुणे टाकू नका. पुढे पिनकोड विचारतात आणि ४१३ ने सुरू होणारा पिन पुणे शहरात बसत नाही. उलट छोट्या शहरातली माणसं शोधणारे सर्व्हेही असतात, तिथे आपली पाळी येते.

भाषेचं मात्र सोलापूरकरांना सुख आहे. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी एकाच नळावर भांडतात. प्रोफाइलमध्ये येत असलेल्या सगळ्या भाषा लिहा. वाचता येत नसेल आणि नुसती बोलता येत असेल तर ती लिहू नका. शेजारच्या अक्कांनी तेलुगू निवडली, बोलतात फर्डी, पण अक्षर ओळखीचं नाही. सर्व्हे पूर्ण तेलुगू लिपीत उघडला आणि त्या माझ्याकडे मोबाइल घेऊन आल्या. मला तर त्याहून येत नाही.

सुरुवात

सर्व्हेसाठी वेगळा ई-मेल काढा. बँकेचा, मुलांच्या शाळेचा ई-मेल यात घालू नका. दिवसाला तीस-चाळीस मेल येतात, त्यात शाळेची नोटीस बुडते. माझी बुडाली होती.

नाव पॅन कार्डावर आहे तसंच टाका, कारण पुढे पैसे काढताना तेच जुळावं लागतं. माझं माहेरचं नाव एका ठिकाणी राहिलं होतं, तिथल्या साडेतीनशे रुपयांसाठी दीड महिना मेल लिहीत होते. जन्मतारीख खरी. एका घरात बहुतेक पॅनल एकच खातं चालू देतात. आमच्या मुलाने माझ्याच मोबाइलवरून त्याचं खातं उघडलं आणि दोन्ही खाती बंद झाली, माझे जमलेले पॉइंटही गेले. त्यांच्या अटींत लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. त्या दिवशी त्याला मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

एकदम दहा पॅनल घेऊ नका. दोन किंवा तीन बस. पॉइंट दहा ठिकाणी विखुरले की कुठेच पैसे काढायची हद्द गाठता येत नाही, आणि पॅनलवाल्याला तेच हवं असतं.

नोंदणीला पैसे मागितले तर तिथेच थांबा. शंभर रुपये असोत की दहा. आपण माहिती देतोय, त्यांनी आपल्याला द्यायचेत.

खरं लिहा, आणि ते का ते ऐका

आता माझीच फजिती. सुरुवातीला मला वाटलं, श्रीमंत दिसलो तर जास्त सर्व्हे येतील. तर मी प्रोफाइलमध्ये मोटार टाकली, एसी टाकला. खरंच चार दिवसांत मोठा सर्व्हे आला, पंचवीस मिनिटांचा, मोटारीच्या सर्व्हिसिंगवर. गाडी कोणत्या वर्षीची, शेवटची सर्व्हिसिंग किती किलोमीटरवर, ऑइल कोणतं. आमच्या घरी एक स्कूटर, तीही दिरांकडून आलेली. मी आठव्या मिनिटाला अडकले आणि अंदाजे ठोकलं. शेवटी पॉइंट आलेच नाहीत, वर पुढचे तीन आठवडे त्या पॅनलवर शुकशुकाट.

घरातल्या वस्तू का विचारतात ते नंतर कळलं. मार्केट रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया आणि मीडिया रिसर्च यूजर्स कौन्सिल यांनी २०११ मध्ये घरांची वर्गवारी ठरवली. घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण किती, आणि अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत, एवढ्यावर वर्ग ठरायचा. वीजजोडणी, छताचा पंखा, गॅसची शेगडी, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, संगणक, मोटार, एसी आणि शेतजमीन. ए-१ पासून ई-३ पर्यंत बारा वर्ग. आमच्याकडे अकरापैकी सात निघाल्या, आठवी धरली तर सासऱ्यांच्या नावावरची मोहोळकडची दीड एकर. शेतजमीन आठवणीने टिक करा, पुष्कळ जण शहरात राहतो म्हणून विसरतात.

यात वरचा वर्ग चांगला आणि खालचा वाईट असं काही नाही. पाच रुपयांची शाम्पूची पुडी घेणारं घर शोधणारी कंपनी मोटारवाल्याला बाहेर काढते. तुम्ही आहात तेच कुणाला तरी हवं असतं. आणि खोटं लक्षात राहत नाही. जानेवारीत दोन मुलं आणि जूनमध्ये तीन लिहिली की संगणक लगेच धरतो. मी वहीच्या पहिल्या पानावर माझी उत्तरं लिहून ठेवलीत: घरात माणसं पाच, मुख्य कमावता नवरा, त्याचं शिक्षण बारावी, किराणा मी ठरवते.

तो टॉवेलवाला प्रश्न, घरात कोण कुठे कामाला आहे, तो जवळपास प्रत्येक सर्व्हेत असतो. काही जणी सांगतात, "कुणीच नाही" टिक करायचं. मी तसं करत नाही. टॉवेल, चादर, बेडशीटचे सर्व्हे माझ्या नशिबात नाहीत, हे मी धरूनच चालते. अक्का विड्या वळतात, रोजच्या हजार. त्यांना एकदा तंबाखूचा सर्व्हे आला आणि त्यांचीही तीच गत झाली. त्या म्हणाल्या, "हजार विड्या वळल्या तर कुणी हाकलत नाही, आणि इथं एका टिकला घालवतंय बघ."

भरताना

मन लावून वाचा, कारण मध्येच सापळे असतात. वीस ओळींच्या तक्त्यात एक ओळ असते, "या ओळीत 'पूर्णपणे असहमत' निवडा." सरळ एका रेषेत सगळ्या ओळींना "सहमत" ठोकत जाणारा तिथे पकडला जातो. पंधरा मिनिटांचा सर्व्हे चार मिनिटांत संपवला तरी धरतात. उलट मध्ये दार वाजलं आणि वीस मिनिटं मोबाइल पडून राहिला तर सर्व्हे मरतो. म्हणून मोठा सर्व्हे पाणी यायच्या दिवशी उघडत नाही. लाइट जायची लक्षणं असतील तर राउटरवर भरवसा नको, मोबाइलच्या डेटावरच बसा.

गूगल ओपिनियन रिवॉर्ड्सचे प्रश्न अगदी छोटे, दोन-पाच. मोबाइलचं लोकेशन चालू असेल तर "यांपैकी कोणत्या दुकानात अलीकडे गेला होता?" असं विचारतात. यादीतली काही दुकानं मुद्दाम घातलेली असतात, आपण नवी पेठेत गेलो असताना भलत्याच नावावर बोट ठेवलं तर पुढे प्रश्न येणं आटतं. नसाल गेलात तर "कुठेच नाही". पैसे दोन रुपयांपासून, कधी वीस-पंचवीस. ॲंड्रॉइडवर ते गूगल प्लेच्या शिल्लकीत जमा होतात, बँकेत काढता येत नाहीत आणि वर्षभरात वापरले नाहीत तर जातात. मी त्यातून फोटो ठेवायची जागा घेते. गड्ड्याच्या यात्रेचे, नंदीध्वजांचे फोटो काढून काढून मोबाइल दरवर्षी जानेवारीत भरतो.

"शून्य ते दहा, तुम्ही हे दुसऱ्याला सुचवाल का?" हा प्रश्न सारखा येतो. आपल्याकडे साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, म्हणून चांगलं वाटलं की आपण सहा-सात देतो. कंपनीच्या हिशोबात नऊ-दहा देणारा खूश, सात-आठ देणारा ना इकडचा ना तिकडचा, आणि शून्य ते सहा सगळे नाराज. सहा गुण देऊन आपण कौतुक केलं असं वाटतं आणि तिकडे आपली नोंद तक्रार करणाऱ्यांत होते. उत्तर तुमच्या मनाचंच द्या, पण हे माहीत असू दे.

लिहायची जागा आली की "गुड", "छान" लिहून सुटका करून घेऊ नका. ही उत्तरं कधीकधी माणूस वाचतो आणि फुसकी असतील तर पूर्ण सर्व्हे रद्द करतो. दोन वाक्यं पुरतात. चहाच्या सर्व्हेत मी लिहिलं होतं, "पाव किलोचा पुडा आठ दिवस पुरायचा, आता सहा दिवसांत संपतो कारण रंग उतरायला जास्त पत्ती लागते. सासूबाईंना फिका चहा चालत नाही." त्याच पॅनलने महिन्याभरात व्हिडिओ मुलाखतीला बोलावलं. तासभर एका मुलीने माझ्याशी मराठीत चहाबद्दल गप्पा मारल्या आणि आठशे रुपयांचं व्हाउचर दिलं. पैसे असतील तर ते इथे आहेत: मुलाखती, गटचर्चा, घरी वस्तू वापरून बघायच्या चाचण्या. या क्वचित येतात, आणि नीट लिहिणाऱ्याकडे येतात.

औषध, आजारपण, पगार यांचे प्रश्न नको वाटले तर "सांगायचं नाही" हा पर्याय असतो. तो नसेल तर सर्व्हे सोडून द्या. सहा रुपयांसाठी घरातलं आजारपण कशाला सांगायचं?

पॉइंटचा भाव काढा

पॉइंट हा शब्द फसवा आहे. नोंदणी केली की "५,००० पॉइंट भेट!" आणि आपल्याला वाटतं लॉटरी. पैसे काढायच्या पानावर जा आणि ५०० रुपयांच्या व्हाउचरला किती पॉइंट लागतात ते बघा. समजा १०,००० लागतात. म्हणजे २० पॉइंटचा एक रुपया, आणि ती भेट अडीचशेची, तीसुद्धा आणखी अडीचशेचे पॉइंट जमल्याशिवाय हातात न येणारी. आता समोर १२० पॉइंटचा पंधरा मिनिटांचा सर्व्हे आहे, म्हणजे सहा रुपये. मी तो घेत नाही. माझा नियम मिनिटाला एक रुपया. त्याच्या जवळपास असेल तर बसते, नाहीतर मशीनवर टॉवेल आहेतच. स्वॅगबक्सवर १०० एसबी (त्यांचे पॉइंट) म्हणजे साधारण एक डॉलर, तिथे हिशोब सोपा पडतो.

हद्द गाठली की लगेच काढा. पॉइंट साठवून दिवाळीला एकदम काढू, असा विचार मी एका पॅनलवर केला. गणपतीत त्यांनी भाव बदलला, नवरात्रात साइटच उघडेना. नऊशे रुपये गेले. आता पॉइंट पडला की उचलायचा.

व्हाउचरना मुदत असते, बहुधा वर्षाची, आणि व्हाउचरचे पैसे परत बँकेत जात नाहीत. जिथे आपण तसंही खरेदी करतो त्याच दुकानाचं घ्या. मी ॲमेझॉनचं घेते आणि मुलीच्या वह्या-पुस्तकांत जिरवते. परदेशी पॅनल पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेने देतात. त्यासाठी पॅन लागतं, बँक खातं जोडावं लागतं आणि पैसे कशाचे आहेत ते सांगावं लागतं, तिथे बाजार संशोधनाचा पर्याय निवडा. भारतातल्या खात्यात पेपालवर पैसे ठेवून देता येत नाहीत, आलेले आपोआप बँकेत उतरतात. रुपये करताना पेपाल बाजारभावापेक्षा कमी भाव लावतं, तेवढी काट धरून चाला. वर्षाचं विवरणपत्र भरत असाल तर ही कमाई "इतर स्रोतांतून उत्पन्न" म्हणून दाखवायची, वही इथेही उपयोगी पडते.

फसवणूक

आता हे सावकाश वाचा. माझ्या जाऊबाईंच्या मुलाला व्हॉट्सॲपवर मेसेज आला, घरबसल्या सर्व्हे, हॉटेलांना स्टार द्या, रोज दोन हजार. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतलं. तीन हॉटेलांना पाच-पाच स्टार दिले आणि खरंच दीडशे रुपये खात्यात आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनशे. पोराचा विश्वास बसला. तिसऱ्या दिवशी "प्रीपेड टास्क": एक हजार भरा, तेराशे परत. आले. पाच हजार भरा. तेव्हा परत आले नाहीत, स्क्रीनवर मात्र साडेसहा हजार दिसत होते. ते सोडवायला आणखी बारा हजार भरले, मग म्हणे टॅक्स भरा. ग्रुपमधले बाकीचे "मला मिळाले, मला मिळाले" म्हणून फोटो टाकत होते, ते सगळे त्यांचेच. एकूण सतरा हजार गेले.

रात्री साडेदहाला तो आमच्याकडे आला, आईला सांगायची हिंमत नव्हती. मी तिथल्या तिथे १९३० ला फोन लावायला लावला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी क्रमांक, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार लिहिता येते. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे पुढच्या खात्यांत अडवले जायची शक्यता जास्त. त्याचे सहा हजार अडकवता आले, बाकीचे तोवर चार खाती पार करून गेले होते. असे हजारो जण फसले, म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने गृह मंत्रालयाच्या शिफारशीवरून अशा अर्धवेळ कामाच्या आमिषाच्या शंभरावर वेबसाइट बंद केल्या होत्या. नवीन निघतातच.

याच टोळ्या दुसरंही विचारतात: "तुमचं बँक खातं वापरायला द्या, टक्केवारी देऊ." मुळीच नाही. चोरीचे पैसे तुमच्या खात्यातून फिरले की खातं गोठतं आणि पोलिसांपुढे उभं तुम्हाला राहावं लागतं.

बाकी ओळखायच्या खुणा थोड्याच आहेत. खरा पॅनल तुम्हाला आपणहून व्हॉट्सॲपवर "हॅलो मॅडम" करत नाही. ॲप प्ले स्टोअरवरून घ्यायचं, कुणी मेसेजमधून पाठवलेली एपीके फाइल उघडायची नाही. सर्व्हेच्या ॲपला तुमचे एसएमएस वाचायची परवानगी कशाला हवी? नाकारा. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, पिन मागितला की पैसे जाणार आहेत, येणार नाहीत. आधारचा फोटो, कार्डाचा नंबर, बँकेचा ओटीपी यातलं काही साबणाच्या सर्व्हेला लागत नाही.

आणि हो, दारात टॅब घेऊन येणारे सगळे भामटे नसतात. कंपन्यांचे सर्व्हेवाले येतात, सरकारी पाहणीवालेही येतात. सरकारी माणसाला ओळखपत्र विचारा, चहा विचारा आणि खरी माहिती द्या, तिथे पॉइंट मागू नका. आमच्या सासूबाईंनी मागितले होते.

सोडायचं असेल तेव्हा

आधी पॉइंट काढा, मग खातं बंद करा. उलट केलं तर पॉइंट बुडाले. नुसतं ॲप काढून टाकल्याने खातं बंद होत नाही, सेटिंगमध्ये जाऊन खातं हटवा आणि माझी माहिती पुसा असा मेल पाठवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून मागायचा हक्क दिलाय, मेलमध्ये त्याचं नाव लिहिलं की उत्तर जरा लवकर येतं, असा माझा अनुभव.

मी अजून दोन पॅनलवर आहे. आज सकाळच्या नोंदीत लिहिलंय: कपडे धुण्याची पावडर, चौदा मिनिटं, पंधरा रुपये. त्याखाली: चादर, एक मिनिट, शून्य.